पटाबाहेरची पोर

लहान पोरं शाळेत नवी आली की चार दिवस रडतात आणि मग आपोआप रुळतात, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नाही. दूधसुद्धा आपोआप तापत नाही, कुणीतरी चुलीपुढं बसलेलं असतं. मी सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली आणि रडणाऱ्या पोरांची मला कधी फार काळजी वाटली नाही. रडणारं पोर निदान सांगतं तरी की मला इथं नको. जे रडत नाही, कोपऱ्यात गप बघत बसतं, त्याच्याकडं मी आधी जाते. हे शहाणपण मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका सहा वर्षांच्या पोरीशी मी वाईट वागले, तिथून ते आलं. ते सांगायला बसले आहे आणि स्वतःची बाजू सावरून घेणार नाही.

नावांचीच ही हकीकत आहे, पण नाव मी कुणाचंही लिहिणार नाही. त्या पोरीच्या नावाशी माझ्या हातून एकदा खेळ झालाय, पुन्हा करायचा नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेरीच्या कामासाठी उस्मानाबादच्या खेपा संपल्या म्हणून गंजातले, म्हणजे मोठ्या बाजारपेठेतले व्यापारी खूश होते. आमचे वडील त्यांच्यातलेच. सकाळची लिंगपूजा आटोपून दुकान उघडायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ‘आता आपण जिल्ह्याचे’ म्हणून सांगायचे, जणू कलेक्टर त्यांना विचारूनच आला होता. जिकडंतिकडं नव्या पाट्या लागल्या होत्या. त्या नव्या जिल्ह्यात मला पहिली नेमणूक मिळाली, पण अशा गावी की गावाच्या ओढ्यापलीकडं जिल्हाच संपायचा. ओढा ओलांडला की कंधार तालुका, नांदेड जिल्हा. अहमदपूरहून निघालेली एसटी फाट्यावर सोडायची आणि पुढं पायी जावं लागायचं. ओढ्याला पाणी असतं तर हद्द कुठं आहे ते दिसलं तरी असतं. त्या वर्षी ओढा कोरडा होता आणि गावातल्या शेळ्या दिवसातून चार वेळा जिल्हा बदलायच्या.

शाळा दोन खोल्यांची होती. तिसरी-चौथी गुरुजींकडं, पहिली-दुसरी माझ्याकडं. लहान पोरं बाईमाणसाकडं द्यायची, हे तेव्हा सगळीकडं ठरलेलंच असायचं. गुरुजी मुख्याध्यापक होते, पेन्शनला आलेले. पाढे असे घोटून घ्यायचे की पोरं झोपेतसुद्धा बरळायची. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि नव्या जिल्ह्यानं त्याला आणखी भित्रा करून ठेवलं होतं. शिक्षण खात्याचे नवे साहेब आले होते आणि त्यांची नवी फर्मानं येत होती. पटावरचं एकही पोर गळता कामा नये, नव्या जिल्ह्याचं नाव खाली जाता कामा नये. पट घसरला तर शाळेतलं एक पद जाणार, आणि दोघांत नवी मी असल्यामुळं ते माझंच जाणार, हे गुरुजींनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं.

पावसानं त्या साली तोंड दाखवलं आणि जे फिरवलं ते फिरवलंच. ज्वारी कमरेलासुद्धा आली नाही. दिवाळी झाली तशी गावातली काही बिऱ्हाडं पोरांसकट ऊसतोडीला गेली. माझ्या पहिलीतली चार पोरं त्यांच्यासोबत गेली. त्याच सुमारास गावाजवळ रोजगार हमीचं काम निघालं, पाझर तलावाचं, आणि त्या कामामागं ओढ्यापलीकडची काही माणसं गावात आली. त्यांची चार पोरं माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. चार गेली आणि चार आली. हा योगायोग पुढं सगळ्यांच्या फार सोयीचा ठरला.

चारांतली एकच मुलगी. तिला तिची आई घेऊन आली. कामावरून तशीच आलेली, अंगावर माती, डोक्यावर टोपलीखालची चुंबळ. ही बाई याच गावची लेक, ओढ्यापलीकडं लोह्याच्या बाजूला दिलेली. तिकडं विहीर आटली म्हणून पोरीला घेऊन भावाच्या घरी आली होती.

“बाई, हिला बसू द्या,” ती म्हणाली. “घरी एकली राहत न्हाई. उन्हातान्हाची कामावर माझ्यामागं येती.”

मी गुरुजींकडं पाहिलं.

“बसू द्या की,” गुरुजी म्हणाले. “पर पटावर घ्यायचं न्हाई. दुसऱ्या जिल्ह्याचं पोर, दाखला न्हाई, काई न्हाई. पाऊस पडला की जाईल निघून, अन् गळती आपल्या नावावर.”

मला त्यात काही गैर वाटलं नाही. पोर बसतंय ना, शिकतंय ना, मग कागदावर असलं काय नि नसलं काय. अशा पोरांना आम्ही पटाबाहेरची पोरं म्हणायचो. सकाळच्या हजेरीत त्यांची नावं घ्यायची नाहीत, हजेरी झाली की नुसती डोकी मोजायची. तिघं मुलगे होते ते आपले कुठंही घुसले, त्यांना पटाचं काही नव्हतं. या पोरीला मात्र वर्गानं नाव दिलं, पाव्हणी. पाव्हणीला जागा द्या, पाव्हणीला आधी पाणी प्यायला द्या. पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट कौतुकच होतं. पण पाहुण्याला कुणी खेळात घेत नाही.

ती रडली नाही. पोत्याचा तुकडा घेऊन दारापाशी बसायची, एक पाय उंबऱ्याबाहेर सोडून. विचारलं तर उत्तर द्यायची नाही, रागावलं तर डोळ्यांत पाणी आणायची नाही. किती समजूतदार पोर आहे, असं मी जो भेटेल त्याला सांगायचे. समजूतदार! आता त्या शब्दाची लाज वाटते.

हजेरीच्या वेळी मात्र ती जिवाचा कान करायची. एकेक नाव घेतलं की जो ‘हाजर बाई’ म्हणेल त्याच्याकडं तिची मान वळायची. माझी नजर पटावर असायची, त्यामुळं हे मी पाहूनही पाहिलं नाही. पटावर पाचव्या क्रमांकाला एक मुलगी होती, ऊसतोडीला गेलेली. तिचं नाव घेतलं की मी क्षणभर थांबायचे, गैरहजेरीची खूण करायचे आणि पुढं जायचे. एक दिवस तशीच थांबले आणि दाराकडून आवाज आला, “हाजर बाई!”

सगळा वर्ग वळला. मी विचारलं, “ते तुझं नाव हाय का गं?”

“न्हाई.”

“मग कामून वरडलीस?”

“ती न्हाई ना आली,” ती म्हणाली. “तिची हाजरी रोज रिकामीच जाऊन राहिली.”

वर्ग पोट धरून हसला आणि वर्गाबरोबर मीही हसले. एवढंच करून थांबले असते तरी चाललं असतं. मधल्या सुट्टीत चहा घेताना मी ती गंमत रंगवून गुरुजींना सांगितली. गुरुजी हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, “हुशार हाय पोरगी.” पुढं जे झालं ते माझ्या त्या सैल जिभेमुळं झालं.

थोड्याच दिवसांत पत्र आलं की साहेब तपासणीला येणार आहेत. गुरुजींनी मला बाजूला बोलावलं आणि पट उघडून त्यावर बोट ठेवलं. चार पोरं गेली, चार आली. पाच नंबरच्या नावाला ही पोरगी हाजर म्हणेल, बाकीच्या तीन नावांना ते तीन मुलगे.

“साहेब काय पोरांची तोंडं वळखतो व्हय?” गुरुजी म्हणाले. “पट भरलेला दिसला पाहिजे. तुमच्याच भल्याचं सांगून राहिलो, बाई. पद राहील.”

मी नाही म्हणाले असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण मी हो म्हणाले. मला पद हवं होतं. आमच्या घरात बाहेर पडून नोकरी करणारी मी पहिली मुलगी, आणि वडिलांनी ती बातमी गंजभर केलेली. चार पोरांनी चार दिवस दुसऱ्याच्या नावानं हाजर म्हटलं तर कुणाचं काय जातंय, असं मी स्वतःला समजावलं आणि त्याच दिवशी कामाला लागले.

तिघा मुलग्यांना तो खेळ वाटला. ते नावं विसरायचे, एकमेकांच्या नावाला ओरडायचे आणि हसून लोळायचे. या पोरीला तो खेळ वाटला नाही. मी तिला सांगितलं, “आजपासून तुझं शाळेतलं नाव हे.”

“शाळेतलं येगळं असतंय?”

“हो.”

तिनं लगेच मान्य केलं. सहा वर्षांच्या पोराला बाई सांगतील ते खरंच वाटतं. दुसऱ्या दिवशी मी पाच नंबरचं नाव घेतलं, ती हाजर म्हणाली, मी खूण केली, आणि वर्गात कुणी हसलं नाही, कारण मी आधीच दम भरून ठेवला होता. त्या दिवशी तिनं उंबऱ्याबाहेरचा पाय आत घेतला. पुढच्या दिवशी पोत्याचा तुकडा ओढत ती पाच नंबरच्या जागेवर, रांगेच्या मध्यावर येऊन बसली. तिसऱ्या दिवशी लंगडीत बाद झाली म्हणून तिनं एका मुलीशी असं कडाक्याचं भांडण केलं की मला सोडवायला जावं लागलं. महिनाभरात जेमतेम एकदा उघडलेलं तोंड दिवसभर चालायला लागलं. मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. बघा, पोरगी कशी रुळली, असं मीच गुरुजींना सांगून आले.

चौथ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी तिची आई आली. कामावर निघालेली, हातात रिकामी टोपली. अंगणाच्या मधोमध उभी राहून तिनं विचारलं, “बाई, माझ्या लेकीचं नाव काय हाय?”

मी पायरी उतरून तिच्याजवळ गेले.

“काल सांजच्याला हाक मारली, तर वळून बघंना,” ती म्हणाली. “तीनदा मारली. मग म्हणती, ते घरचं नाव हाय. माझं खरं नाव शाळेत हाय, तिथं मला समदे वळखतेत.”

मी सुरुवात केली. तपासणी आहे, चारच दिवसांचं आहे, पोरीच्या मनावर काही परिणाम होत नाही, असलं काहीतरी बोलले. तिनं ते नीट ऐकून घेतलं.

“माझं बी नाव बदललं लग्नात,” ती म्हणाली. “ताटात तांदूळ पसरले अन् त्याच्यावर अंगठीनं नवं नाव लिव्हलं. मला कुणी इचारलं न्हाई. तिकडं समदे त्याच नावानं हाक मारतेत. पाणी आटलं हे खरं हाय, पर पाण्यापायी समद्या बाया काय माहेरी येऊन बसतेत? हितं आले की लोक मला माझ्या नावानं हाक मारतेत, म्हणून येते म्या. ह्याच शाळेत चौथी शिकले, माझ्या नावानं. अन् ह्याच शाळेनं माझ्या लेकीचं नाव सहाव्या वर्षीच बदललं. बदला. पर मग तिचं लगीन बी तुम्हीच लावून टाका.”

तिकडं मुकादम ओरडत असणार, ती थांबली नाही. मी अंगणात उभी होते आणि मागं प्रार्थनेच्या रांगा लागत होत्या.

आता माझंही सांगायला हवं. त्याच दिवसांत माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलाकडच्यांनी माझ्यासाठी नवं नाव काढून ठेवलं होतं आणि ते कानाला बरं लागतं म्हणून मी दोन-चार वेळा स्वतःशी म्हणूनही पाहिलं होतं. सही कशी दिसेल ते वहीच्या मागच्या पानावर करून पाहिलं होतं. त्या बाईचं बोलणं ऐकताना मला ते पान आठवलं आणि अंगाचा संताप झाला. ते नवं नाव मी पुढं लावलं नाही. त्यावरून दोन्ही घरांत जे रणकंदन झालं त्याबद्दल मी आजही कुणाची माफी मागत नाही.

प्रार्थना झाल्या झाल्या मी गुरुजींच्या खोलीत गेले. तिसरी-चौथीचे पाढे चालू होते. टेबलावरचा पहिलीचा हजेरीपट उघडला, पेन काढलं आणि शेवटच्या नावाखाली चार नावं लिहिली. चारही खरी.

“बाई, हे काय करून राहिलात?” गुरुजी उठून उभेच राहिले. “निदान पेन्सिलीनं तरी लिहा!”

“नाही.”

“अहो, पद जाईल तुमचं.”

“जाऊ द्या!”

हे मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की सतराचा पाढा मध्येच थांबला. गुरुजी मटकन खाली बसले. पट मिटून मी काखेत घेतला. पुढच्या जूनमध्ये पद गेलं. माझी रवानगी उदगीरच्याही पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीवरच्या गावी झाली, जिथली पोरं घरी कानडी बोलायची. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी चमत्कार होऊन बाईंची पाठ थोपटली जाईल अशी आशा कुणी ठेवू नये.

नावं लिहिणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी हजेरीत मी पाच नंबरचं नाव घेतलं, ती रोजच्यासारखी हाजर म्हणाली. मी म्हणाले, “ते तुझं नव्हं. तुझं मी शेवटी घेणार हाय.” शेवटी तिचं नाव घेतलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी पुन्हा घेतलं. तेव्हा तिचा चेहरा वाकडा झाला आणि महिन्याभरात न रडलेली ती पोर हमसून हमसून रडायला लागली.

“ते नगं,” ती म्हणत होती. “ते घरचं हाय. मला शाळेतलं पाहिजे.”

पोत्याचा तुकडा उचलून ती पुन्हा दारापाशी गेली आणि पाय बाहेर सोडून बसली. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. शाळेत जागा मिळवायची तर आपलं नाव बाहेर ठेवून यावं लागतं, हे मी तिला शिकवलं होतं, आणि तिनं ते एकदम मन लावून शिकून घेतलं होतं. आता शाईनं लिहिलेली ओळ तिला दाखवून काय उपयोग? तिला वाचताही येत नव्हतं. तपासणीला दोन दिवस होते. साहेबांसमोर ती गप बसली असती किंवा पाच नंबरला हाजर म्हणाली असती, तर ते चुकीचं नाव तिला जन्मभर चिकटलं असतं.

पहिलीच्या पोरांना अक्षरं बसवायला आम्ही चिंचोके वापरायचो. जमिनीवर खडूनं अक्षर काढायचं आणि पोरांनी त्या रेषेवर चिंचोके मांडत जायचं. त्या दुपारी मी खडू घेतला आणि वर्गाच्या जमिनीवर तिचं नाव काढलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एकेक अक्षर पोराच्या उंचीचं. मग सगळ्यांना म्हणाले, “भरा.”

शाळेमागं चिंच होती, पोरांच्या खिशांत चिंचोके असायचेच. पोरं तुटून पडली. पहिलीच्या पोरांना काय लिहिलंय ते कळत नव्हतं, पण दुसरीतल्या एकानं उभं राहून अक्षराला अक्षर जोडत वाचलं आणि तो ओरडला, “हे तर पाव्हणीचं नाव हाय!”

“पाव्हणी कोण?” मी इतकी जोरात खेकसले की पोरगा बिचारा दचकला. “हितं कुणी पाव्हणी न्हाई. नाव वाचता येतंय ना? मग नावानं म्हण.”

त्यानं नावानं म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं, दोनदा, तीनदा, पाढ्यासारखं. ती दारातून बघत होती. हलली नाही.

मी ते नाव पुसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना, गाणी, बेरजा, सगळं नावाच्या कडेकडेनं. गुरुजी खडूची पेटी द्यायला आले. जागाच नव्हती. धोतराचा सोगा वर धरून, भिंतीला पाठ घासत, ते नावाला वळसा घालून माझ्यापर्यंत आले आणि तसेच परत गेले. पोरं तोंडं दाबून हसली. पण खरं काम गुरुजींनीही केलं नाही आणि मीही नाही. एक मुलगा पाणी पिऊन धावत आत आला आणि त्याचा पाय पहिल्या अक्षराला लागला. आमच्याकडं लिहिलेल्याला पाय लागला तर पाया पडतात. वही असो, पाटी असो, जुना पेपर असो. पोरगा चटकन वाकला, त्यानं अक्षराला हात लावला, हात कपाळाला टेकवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्यानं त्याचा काही विचारही केला नसेल.

दारातल्या पोरीनं ते पाहिलं. आपल्या नावाच्या कुणी पाया पडलं हे तिला दिसलं. ती उठली, आत आली. पायाच्या धक्क्यानं पाच-सहा चिंचोके सरकले होते, ते तिनं एकेक करून रेषेवर नीट लावले. मग तिथंच, नावाशेजारी, मांडी घालून बसली. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि पोरांपुढं रडायचं नव्हतं.

पण हजेरीत ती अजून बोलली नव्हती. त्या दिवशी दुपारी सरावाला पुन्हा नाव घेतलं, तेव्हा तिनं हात वर केला, ओठ हलवले, आवाज मात्र आला नाही.

साहेब आले ते जीपमधून, धुळीचा लोट घेऊन. आधी गुरुजींच्या वर्गात बसले, मग माझ्याकडं आले. पट चाळला, शेवटची चार नावं पाहिली आणि पट मला परत दिला. खुर्चीत टेकून म्हणाले, “घ्या हजेरी.” गुरुजी त्यांच्या मागं उभे होते.

मी सुरुवात केली. पाच नंबरचं नाव घेतलं. ती माझ्याकडं बघत होती. पोरांनाही कळलं होतं की काहीतरी आहे.

“गैरहजर,” मीच म्हणाले. “आईबापासोबत ऊसतोडीला गेली आहे.”

पुढं त्या तीन मुलांची नावं आली, तेव्हाही तेच म्हणाले. गुरुजी आढ्याकडं बघायला लागले. साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग जुनी नावं संपली आणि मी तिचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश.

ती उभी राहिली. फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं.

“हाजर बाई,” ती म्हणाली. बारीक आवाजात, पण म्हणाली.

“थांब,” साहेब म्हणाले. “कोणत्या गावची गं तू?”

तिनं गावाचं नाव सांगितलं आणि मागोमाग एका दमात म्हणाली, “तालुका कंधार, जिल्हा नांदेड.” हे मी शिकवलं नव्हतं. आईनं घोटून घेतलं असणार.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. “बाई, हा लातूर जिल्हा आहे. नांदेडची मुलं आपल्या पटावर कशी? ना दाखला, ना काही. उद्या निघून जातील. खोडा ही नावं.”

“पोरं समोर बसलीत, साहेब,” मी म्हणाले. “खोडायची तर तुम्ही खोडा आणि खाली सही करा. मी हजेरी घेतेय.”

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या हातात पेन होतं आणि पट माझ्या हातात होता. ती अजून उभीच होती. साहेबांना ऐकू आलं नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा विचारतात, असं तिला वाटलं असावं. तिनं फ्रॉक सोडला, मान वर केली आणि बाहेर अंगणापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, “हाजर बाई!”

मी तिच्या नावापुढं हजेरीची खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.